मानस, क्रमांक सतरा

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे, दार.
बांधाच्या पोटात बसवलेलं, ऐनाच्या फळ्यांचं,
भरतीनं ढकललं की आपसूक मिटणारं,
सुकती लागली की शेतातलं पाणी सोडून देणारं.
एवढंच सांगायला इथे पाटी आहे, तीन भाषांत.

पाटी माझी नाही. माझे आकडे.
दुर्भाटच्या बांधावर, गुडघाभर चिखलात,
पांढऱ्या रंगाचा डबा काखेत दाबून
मी चिऱ्यांवर घातले, एक ते दोनशे अडतीस.
मुकादम म्हणाला, वरून खाली घाल,
रचताना उलटं मोजायचं.
कालव्यांची कवचं खरवडताना बोटं कापली.
सात-आठ आकड्यांत थोडा लाल मिसळला असेल.

मग ट्रक बोरीच्या सड्यावर.
आमच्या आधी पोचली होती डिचोलीच्या कुंभाराची भट्टी,
पेडण्याचा घाणा (बैलाशिवाय),
रायची एक ताव्हेर्न, तिच्या फळीवर
ग्लासांनी पाडलेली वर्तुळं तशीच,
आणि शिंपल्यांच्या खिडक्या, जुन्या गाद्यांत गुंडाळलेल्या,
ओल्या बाळंतिणीसारख्या जपून उतरवलेल्या.

सगळं रचून झाल्यावर एक चिरा उरला.
कागद पाहिले, पुन्हा मोजलं, हिशोब लागेना.
तो आता ऑफिसचं दार
वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवलाय.

सड्यावर नदी कुठली?
उद्घाटनाला टँकर आणला.
पाहुण्यांनी दोरी ओढली, पाणी गेलं,
टाळ्या झाल्या, खाली जांभ्यानं ते पिऊन टाकलं.

बोस्त्यांव मानशीबरोबरच आला.
म्हणजे यादीत तो नव्हता. पण खोप आली,
खोपीत चाळीस वर्षं रात्री काढलेला माणूस
मागे ठेवून करणार काय?
त्याच्या गळ्यात आता कार्ड आहे, फोटोसकट.
मुलं विचारतात, आजोबा, तुमची खाट कुठेय?
तो म्हणतो, निजायचं कोणाला होतं?
जाळं धुऊन भिंतीवर टांगलंय.
त्याला वास नाही, म्हणून तो त्याच्याकडे पाठ करून बसतो.

तारीख त्याला विचारू नका. तिथी विचारा.
अष्टमीचा भांग, पाणी आळशी, दुपारीच तळाला.
अमावास्येचं उधाण, सुकती खाली जाता जाता सहा वाजतात,
आणि फाटक साडेपाचला बंद.
त्या दिवशी वॉचमन मोनू शिरोडकर
दुसरीकडे बघत बिडी ओढतो.
म्हातारा फळी वर खेचतो. कोरडी.
आतून एक पाल जाते, कधी पालापाचोळा.
तो थांबतो, जेवढा वेळ शेत रिकामं व्हायला लागतं तेवढा.
मग खाली सोडतो, हात झटकतो,
बसस्टॉपकडे चालू लागतो.

एप्रिलात चिऱ्यांना मीठ फुटलं.
आधी खालच्या ओळी, मग कमरेपर्यंत,
पिठासारखं, माझ्या रंगासारखंच पांढरं.
एकशे एक्केचाळीस वाचता येईना.
म्हांबरे बाईंनी फोटो काढून कुठे कुठे पाठवले,
उत्तर आलं, ब्रशानं झाडा, पाणी नको.
आकडे लोकांना आवडतात, म्हणून मला पुन्हा बोलावलं.

मी डबा उघडून बसलो.
बोस्त्यांवनं एका चिऱ्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं.
‘वैशाखातलं,’ म्हणाला,
‘बांध फुटला त्या वर्षाचं.’
थट्टा होती की खरं, त्याच्या तोंडावर काही दिसेना.
खिशातून कैरी काढली, सुरीनं दोन फोडी केल्या,
भिंतीवर घासल्या,
एक मला दिली.

दात आंबले. डोळे मिटले.
एवढ्यात शाळेची बस आली,
आणि एकशे एक्केचाळीस
तसाच राहिला.